घाटाखालची गावे आणि आमची बारव

आम्हा हिंगोलीकरांची समुद्राशी ओळख भूगोलाच्या पुस्तकात होते आणि बहुतेकांची तेथेच संपते. समुद्र आमच्यापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर दूर. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे धरणाचे. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही नावे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे वर्गमित्र आणि आमचे इतिहासाचे सर कोकणात जायला निघालो, तेव्हा आजीने विचारले, "समिंदर येलदरीच्या धरणाएवढा असंल का रे?"

मी हसलो. पण खरे सांगायचे तर नेमके उत्तर मलाही देता आले नसते.

"येताना बाटलीभर पाणी आन," आजी म्हणाली. "खारं असतंय म्हनं. बघू तरी."

निघण्यापूर्वी सरांनी आम्हाला एकच अट घातली. ते म्हणाले, "नुसती स्थळे बघत सुटू नका. प्रत्येक गावात एक प्रश्न विचारा. हे गाव येथेच का वसले? त्याचे उत्तर मिळाले म्हणजे गाव पाहिले असे समजा." या लेखात मी जे सांगणार आहे ते या प्रश्नाच्या पाठीमागे जाऊन जे हाती लागले तेवढेच. प्रवासवर्णन लिहिण्याइतकी माझी लेखणी तयार नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

घाट: चढण कमी, उतार फार

हिंगोलीहून परभणी, तेथून पुणे, मग कऱ्हाड आणि कऱ्हाडहून पाटणमार्गे चिपळूण असा आमचा मार्ग होता. सह्याद्री म्हणजे आभाळाला टेकलेला डोंगर, तो आधी चढायचा आणि मग उतरायचा, अशी माझी समजूत होती. कोयनानगर मागे पडले तरी मी चढणीची वाटच पाहत होतो. आणि अचानक कुंभार्ली घाट सुरू झाला. बसचे नाक खाली गेले, वळणामागून वळणे येऊ लागली आणि डाव्या-उजव्या बाजूला खोल हिरवी दरी दिसू लागली. आम्ही घाट चढलो असे वाटलेच नाही. जणू घराच्या गच्चीवरून जिन्याने अंगणात उतरत होतो.

सरांनी बसमध्येच खुलासा केला. ज्या पठारावर आपली हिंगोली आहे तेच पठार पश्चिमेकडे हळूहळू उंचावत सह्याद्रीपर्यंत येते आणि तेथे एकदम तुटते. ही तुटलेली कड म्हणजे सह्याद्री. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणून आमची कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत व गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. महाराष्ट्राच्या मध्यावर पडलेला पाऊस शेकडो कोस चालून आंध्राच्या किनाऱ्याला पोहोचतो. उलट या कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत अरबी समुद्राला मिळू शकतो, कारण कडा आणि समुद्र यांच्यात अंतरच थोडे.

या निसर्गनियमाला माणसाने एका ठिकाणी मात्र वळसा घातला आहे. कोयना ही कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्ववाहिनी. तिच्यावरच्या धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे पोफळीला सोडले आहे. तेथे त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीत जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अरबी समुद्राला मिळते! आमच्या घरातला दिवा लावणाऱ्या विजेत यातला काही अंश असेल, हे ऐकून कोकण एकदम जवळचे वाटू लागले.

खाडीच्या टोकाला बाजार

चिपळूण हे वाशिष्ठीच्या काठी आहे, समुद्रकाठी नाही. मग ते व्यापाराचे गाव कसे झाले? याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. भरतीच्या वेळी ते नदीच्या मुखातून आत कित्येक मैल शिरते. अशा खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याला खाडी म्हणतात. पूर्वी गलबते भरतीबरोबर खाडीतून आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. जेथपर्यंत भरतीचे पाणी पोहोचे तेथे गलबताचा प्रवास संपे. घाटावरून धान्य, गूळ, कापड घेऊन आलेले वंजारी-लमाणांचे बैलांचे तांडे तेथवर उतरत आणि मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन परत चढत. बैल आणि गलबत यांची जेथे गाठ पडे तेथे बाजार भरे. चिपळूण असे आहे, संगमेश्वर असे आहे, राजापूरही असेच आहे. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती उगाच नव्हे. एक गाव समजले की पुढची तीन गावे आपोआप समजतात, याचा आनंद काही निराळाच असतो.

पण जे पाणी गाव वसवते तेच कधी कधी गावावर उलटते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ सालची. २००५ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर शिरला तेव्हा या ग्रंथालयाची फार मोठी हानी झाली. पुस्तके भिजतात म्हणजे काय होते, हे कला शाखेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. तरीही हे ग्रंथालय पुन्हा उभे राहिले. दीडशेहून अधिक वर्षे एका गावाने वाचनाचा नाद सोडला नाही, ही गोष्ट मला कोणत्याही किल्ल्याइतकीच ऐतिहासिक वाटते.

छपरे काय सांगतात?

चिपळूणहून आम्ही गुहागरला गेलो. वाटेत घरे पाहताना आमच्यातल्या एकाने विचारले, "इथं माळवदाचं एकही घर कसं नाही?" प्रश्न साधा होता, पण त्याने आमचे डोळे उघडले. आमच्याकडे जुनी घरे मातीच्या माळवदाची. वर वाळवणे घालता येतात, उन्हाळ्यात झोपता येते. हे परवडते, कारण आमच्याकडे वर्षाला पाऊस आठ-नऊशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात तो तीन हजारांच्या पुढे जातो. तेथे माळवद बांधले तर पहिल्याच आषाढात घरात चिखल! म्हणून उतरती कौलारू छपरे, पुढे ओटी-पडवी, उंच जोते आणि ओल न धरणारी अंगणे.

भिंतीसुद्धा वेगळ्या. आमचा दगड काळा, त्यांचा तांबडा. हा जांभा दगड. मूळ काळ्या खडकावर हजारो वर्षे ऊन-पाऊस पडून त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमचा अंश मागे राहिला. त्याचा हा गंजल्यासारखा रंग. जांभा खाणीतून चिरा म्हणून कापून काढता येतो. घरे, विहिरी, गडगे आणि चढउताराच्या पाखाड्या याच दगडाच्या. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवत नाही. पडलेले पाणी झिरपून किंवा वाहून समुद्राला जाते. म्हणूनच एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. मराठवाड्याच्या मुलाला हे खरे वाटत नाही, पण ते खरे आहे. टँकरची वाट पाहणे ही काही आपलीच मक्तेदारी नाही!

सरांनी येथे एक दूरचे उदाहरण दिले. स्पेन म्हटले की आपल्याला रखरखीत ऊन आठवते. पण त्या देशाच्या उत्तरेला अस्तुरियास आणि कांताब्रिया हे प्रांत आहेत. तेथेही उंच डोंगर समुद्राला अगदी खेटून उभे आहेत. समुद्रावरून येणारे ढग डोंगराला अडतात, भरपूर पाऊस पडतो, नद्या आखूड आणि वेगवान, किनाऱ्यावर लहान लहान कोळीबंदरे. अस्तुरियासच्या खेड्यांत धान्याची कोठारे खांबांवर उभी केलेली असतात. खांबाच्या माथ्यावर एक रुंद सपाट दगड, त्यावर कोठार, म्हणजे खालून ओल चढत नाही आणि उंदरालाही वर जाता येत नाही. कोकणातल्या म्हाताऱ्याला हे दाखवले तर त्याला नवल वाटणार नाही, दाद मात्र तो नक्की देईल. डोंगर, पाऊस आणि समुद्र एकत्र आले की माणसाची अक्कल जगात कोठेही साधारण एकाच दिशेने चालते, हे त्या दिवशी कळले.

आणि मग गुहागरला सुरूच्या झाडांमधून चालत असताना समोर समुद्र आला. मी त्याचे वर्णन करणार नाही. एवढेच सांगतो की पहिला विचार येलदरीचा आला, आणि दुसरा असा की या पाण्याला पलीकडचा काठच नाही. आमच्यातला सर्वांत बडबड्या मित्र पाच मिनिटे काही बोलला नाही. पाच मिनिटे हा त्याच्या बाबतीत उच्चांक होता!

दाभोळ: बिदरचा दरवाजा

गुहागरहून धोपावे आणि तेथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ. बोटीत माणसांबरोबर मोटारीही चढतात. वाशिष्ठी समुद्राला मिळते ती येथेच. आज दाभोळ हे मासेमारीचे शांत गाव आहे. पण बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे ते एक मोठे बंदर होते. बहामनी राज्याची राजधानी बिदरला होती आणि आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. राज्याला घोडे हवे असत, ते अरबस्तानातून जहाजांनी येत आणि दाभोळ-चौलसारख्या बंदरांत उतरून घाट चढत. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला गेला, आणि परत जाताना त्याने जहाज पकडले ते दाभोळहून. त्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे बंदर लुटून जाळले. त्यानंतरही ते उभे राहिले. किनाऱ्याजवळ आदिलशाहीतली दगडी मशीद आहे, तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची राजकन्या मक्केला निघाली होती, तिचा प्रवास येथेच अडला आणि तिने बरोबरचा पैसा या बांधकामाला लावला, अशी कथा गावात सांगतात. मशिदीचा काळ १६५९-६० चा.

मग एवढे मोठे बंदर निजले कसे? डोंगरउतारावरची झाडे तुटली, माती धुपून खाड्यांत बसली आणि मोठी जहाजे आत येईनाशी झाली. व्यापार मुंबईकडे वळला. पुढे मोटारीचे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि खाडीची वाट ही मुख्य वाट उरली नाही. गाव वाईट झाले नाही, माणसे आळशी झाली नाहीत, वाट बदलली. इतिहासाच्या पेपरात 'ऱ्हासाची कारणे लिहा' असा प्रश्न आला की आम्ही राजांची नावे लिहितो. गाळाचे नाव कोणी लिहीत नाही.

मुरुड आणि हर्णै

दापोली तालुक्यातले मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, घरामागे नारळी-पोफळीची आगरे आणि पलीकडे समुद्र. अण्णासाहेबांचे शिक्षणकार्य आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पण त्यांच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मुरुडला उभे राहून आठवला तर अंगावर काटा येतो. सतरा वर्षांचे असताना ते सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची वाट, पावसाचे दिवस आणि मध्ये सह्याद्री. परीक्षेला पोहोचले, तर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. आम्ही बसमधून आरामात उतरलो तो घाट या मुलाने चालत पार केला होता. एस. टी. चुकली म्हणून तासाला दांडी मारणाऱ्या आम्हा मंडळींनी त्या संध्याकाळी एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

हर्णैला समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी या दुर्गाचे नाव जोडलेले आहे. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि कमोडोर जेम्सने हा दुर्ग घेतला. आपल्याच आरमाराचे बळ आपणच मोडले, हे सांगताना सरांचा आवाज जड झाला होता. पण हर्णैचे खरे चैतन्य संध्याकाळी दिसते. होड्या परत येतात आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, आणि मासळी काठावर आणायला चक्क बैलगाड्या समुद्रात जातात! चाके बुडालेली, बैलांच्या पोटाला लाटा लागताहेत, आणि गाडीवान आमच्याकडच्यासारखाच जिभेने 'च्चक् च्चक्' करतोय. समुद्र परका होता, पण बैल आमचे होते. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

एक प्रश्न

मुरुडला आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो तेथले आजोबा रात्री पडवीत गप्पा मारायला बसले. सोलकढी छान होती, समुद्र छान होता, सारेच छान होते, असे आम्ही सांगत राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्याकडे काय आहे हो पाहण्यासारखे?"

मी पटकन बोलून गेलो, "आमच्याकडं काय असणार? काहीच नाही."

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "औंढा नागनाथ तुमच्याच जिल्ह्यात ना? आणि नामदेवांची नर्सी? आमच्या घरात रोज त्यांचा अभंग म्हणतात. एकदा त्या गावची माती बघायची, अशी माझी इच्छा आहे. गुडघे ऐकत नाहीत."

सर काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. ज्यांचे अभंग पाचशे किलोमीटरवर रोज म्हटले जातात, जे पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांच्या गावावरून मी कित्येकदा बसने गेलो होतो. आणि मी म्हणालो होतो, काहीच नाही!

परत आल्यावर

परत आल्यावर मी औंढ्याला गेलो. यापूर्वी दहा-बारा वेळा गेलो असेन, पण नारळ फोडून परत. या वेळी प्रदक्षिणा घालताना भिंती पाहिल्या. खालचे काम काळ्या दगडाचे, यादवकालीन, मूर्तींनी भरलेले; वरचे बांधकाम नंतरच्या काळातले, निराळ्या हाताचे. खालचे आणि वरचे जेथे जुळते ती रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्या रेघेत किती गोष्टी दडलेल्या असतील! गाभारा जमिनीखाली, वाकून उतरावे लागते. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच देवळात, असे परंपरा सांगते. नंतर कयाधूच्या काठी नर्सीला गेलो आणि सरांचा प्रश्न विचारला. हे गाव येथेच का वसले? नदीकडे पाहिल्यावर अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे शोधतो आहे.

आमच्या स्वतःच्या खेड्यात एक बारव आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, दोन बाजूंना देवळ्या. नळ आले तशी बारव वापरातून गेली. लहानपणापासून मी तिला कचरा टाकायची जागा म्हणूनच ओळखतो. मीही टाकला आहे. कोकणात दगड पाणी धरत नाही म्हणून माणसे हळहळतात. आमच्या काळ्या दगडात पूर्वजांनी पाणी धरून ठेवण्याची जागा घडवून ठेवली आणि आम्ही ती बुजवत आणली. दाभोळची खाडी गाळाने भरली ती कोणी मुद्दाम भरली नव्हती. आमची बारव मात्र आम्ही आमच्या हातांनी भरतो आहोत.

म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि मित्रांना माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरासाठी एखादी बारव निवडावी. गाळ आम्ही काढू. इतिहास विभागाने तिचे माप घ्यावे, भूगोल विभागाने पाण्याची पातळी नोंदवावी, मराठी विभागाने म्हाताऱ्या माणसांकडून तिच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यावर लेख यावा. माझ्यापेक्षा चांगल्या लेखणीने लिहिलेला आला तर अधिकच आनंद.

आजीसाठी आणलेली बाटली मी तिच्या हातात दिली. तिने बोट बुडवून चाखले, तोंड वाकडे केले आणि विचारले, "किती मोठा हाय?"

"पलीकडचा काठच दिसत नाही," मी म्हणालो.

"अन् पिता येत नाही एक घोट?"

"नाही."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्या बारवंचं पानी लई गोड होतं रं. माझं लगीन झालं तवा मी तिथूनच घागर आनायची."